वेणूबाईची टाच

मित्रांनो, माझ्या पोटात बसून सात पोरं पुरातून पार झाली आहेत, हे आज मला पाहून कोणालाही खरं वाटणार नाही. काळवंडलेला, पोचे पडलेला ॲल्युमिनियमचा टोप मी. कुळगावातल्या एका आश्रमाच्या स्वयंपाकघरात कोपऱ्यात असतो. आणि एक कबूल करून टाकतो, मी जन्माचा भित्रा आहे.

उल्हासनगरच्या एका कारखान्यात मला ठोकून ठोकून घडवलं, तेव्हापासूनच माझ्या अंगात थरथर भरली असावी. अंबरनाथच्या चर्चमधल्या मंडळींनी एका नाताळात मला आश्रमाला भेट दिलं. तेव्हा आश्रम बदलापुरात, मांजर्लीला होता. नदी जवळ, घर बैठं. तिथे सिस्टर अगाथा निराधार म्हाताऱ्यांना आणि गरिबांच्या पोरांना सांभाळत. कोण कुठल्या धर्माचं हे त्यांनी कधी विचारलं नाही. जेवणाआधी सगळे हात जोडत, कोणी येशूचं नाव घेई, कोणी विठोबाचं, कोणी बुद्धाचं, आणि मग माझ्यातली खिचडी सगळ्यांच्या ताटात सारखीच पडे. ‘टोप कसला, अन्नपूर्णाच आहे,’ असं लोक म्हणत, तेव्हा मी जरा फुगत असे.

पुढे माझ्या तळाला भोक पडलं. हरभऱ्याएवढंच, पण डाळ चुलीत गळू लागली. नवा स्टीलचा टोप आला आणि मी मोरीमागे गेलो. रस्त्यावरून भंगारवाल्याची हाळी आली की माझा जीव गोळा होई. एकदा तर तो दारात येऊन उभाही राहिला.

मला वाचवलं ते वेणूबाईने. ती चामटोलीची, सत्तरी उलटलेली, काडीसारखी बाई. मुलाने तिला आश्रमाच्या फाटकाशी आणून सोडलं, ते परत वळून पाहिलं नाही.

“शिष्टर, ह्याला इकू नका,” ती म्हणाली. “भोक हाय तं बुजवू. मला पन कोनी टाकलीच होती ना?”

रोज सकाळी ती भोकावर कणकेची गोळी चेपून बसवी. जाळ लागला की ती भाजून दगडासारखी घट्ट होई. असा मी आणखी तीन वर्षं शिजवत राहिलो. भोक नेमकं कुठे आहे हे तिला न बघता कळे.

मग २००५ सालचा जुलै आला. दुपारपर्यंत नदीचं पाणी गल्लीत शिरलं. सिस्टरांनी आणि आश्रमाचं वरकाम करणाऱ्या सुदामने म्हाताऱ्यांना समोरच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर नेऊन बसवलं. वेणूबाई तेवढी हलली नाही, “पोरं गेली की जाईन,” म्हणाली. तेवढ्यात पाणी सुदामच्या छातीला लागलं. सात लहान पोरं इकडेच अडकली. धरण फुटल्याची आवई उठली आणि पोरं रडायला लागली. सुदामने खिडकीच्या गजापासून समोरच्या जिन्यापर्यंत दोर बांधला आणि मला ओढत पाण्यात आणलं. माणूस बसेल एवढं मोठं भांडं दुसरं नव्हतंच.

भीतीने माझ्या कड्या वाजू लागल्या. आगीत दगड होणारी कणीक पाण्यात विरघळते, हे मला माहीत होतं. सुदामला माहीत नव्हतं. आणि मला तोंड नव्हतं.

“मी बसते आधी,” म्हणत वेणूबाई माझ्यात येऊन बसली. मांडीवर एक पोर घेतलं. सुदामने एका हाताने दोर धरला, दुसऱ्याने मला ढकलत पार नेलं. पोर उतरलं, पण वेणूबाई उतरेना.

“आजी, पोचलीस ना? उतर ना आता, खालीपिली वजन कशाला?”

“मी नाय उतरायची. चल, दुसरं पोर आन.”

दुसऱ्या खेपेलाही तेच. सुदाम चिडला. जिन्यावरून कोणीतरी म्हणालं, म्हातारीला जिवाची फार पडलीय. मला संताप आला, कारण त्याच खेपेत गोळी सुटली होती आणि आत येणारी गार धार वेणूबाईने आपल्या टाचेने दाबून धरली होती. भोकाची कड धारदार होती. तिची टाच मला रुतताना कळत होती आणि मी काही करू शकत नव्हतो.

शेवटची मैत्रेयी, पाच वर्षांची. मधोमध आलो आणि सुदामचा पाय घसरला. दोर सुटला, मी गरगर फिरलो. मैत्रेयी किंचाळत उठून उभी राहिली. तिला धरायला वेणूबाई उठली असती तर आम्ही तिथेच बुडालो असतो, आणि नसती उठली तर पोर पाण्यात जात होती. वेणूबाई वाकली, हातातल्या पदराचा फास पोरीच्या कमरेभोवती टाकला आणि तिला खसकन मांडीवर ओढलं. टाच तसूभरही हलली नाही. सुदामने धडपडत दोर पकडला.

जिन्याशी मैत्रेयीला वर घेतलं. मग सिस्टरांनी वेणूबाईला हात दिला, आणि तिने पाय उचलताच माझ्यात भसकन पाणी चढलं. बघता बघता मी पायरीवर बुडालो. पाणी लालसर झालं होतं. सुदामने तिचा पाय मांडीवर घेतला आणि तो रडायला लागला.

“वेणूबाई, सांगितलं का नाहीत?” सिस्टरांनी विचारलं.

“सांगितलं असतं तं पोरं बसली असती? आनि ह्यो सुदाम पयलाच घाबरट.”

“तुम्हाला नाही भीती वाटली?”

“लय वाटली,” ती म्हणाली. “पाय कापत व्हता ना, म्हनून तं जोरात दाबला.”

ती जखम भरायला चार महिने लागले. वेणूबाई पुढे लंगडतच चालली, शेवटपर्यंत. पूर ओसरल्यावर सुदाम मला चिखलातून शोधून उल्हासनगरला घेऊन गेला आणि भोक पक्कं बुजवून आणलं. आता मी गळत नाही. तरी पाऊस धरला की अजून मला कापरं भरतं.

मित्रांनो, मोडकं भांडं टाकू नका, हे तुम्हाला कोणीही सांगेल. मी एवढंच सांगतो, एखादं म्हातारं माणूस हट्टाने जागा सोडत नसेल, तर त्याच्यावर ओरडण्याआधी खाली वाकून त्याची टाच कुठे आहे ते बघा.