वीस किलोच्या आत

माणूस खोटं बोलतो, कागद खोटं बोलतो, वजन मात्र कधीच खोटं बोलत नाही. हे वाक्य वडनेर भोलजीला हायवेच्या कडेला, भगवानरावांच्या धर्मकाट्यावर लाल अक्षरात लिहिलेलं आहे. त्याच्या खाली, ट्रकच्या चाकांनी उडवलेल्या चिखलात निम्मं झाकलेलं आणखी एक वाक्य आहे : 'वीस किलोच्या आतला फरक धरला जाणार नाही.'

यात लबाडी काही नाही. ट्रक तोलायचा जुना काटा वीस-वीसच्या पायरीनं चालतो. चाळीस दाखवतो, साठ दाखवतो, मधलं त्याला काही दिसत नाही. जो आकडा जवळचा असेल तो सांगून मोकळा होतो. पंचवीस टन सोयाबीनच्या गाडीत वीस किलो म्हणजे टायरला लागलेली माती. त्यावरून आजवर कोणी भांडलेलं नाही.

अडचण एवढीच, की भगवानरावांच्या घरात सगळंच या काट्यावर व्हायचं. भंडाऱ्याची वांगी, लग्नाचे तांदूळ, भंगारात द्यायचा कूलर. मुलाच्या, म्हणजे दीपकच्या लग्नात त्यांनी वऱ्हाडाची बससुद्धा येता-जाता तोलली होती आणि दोन पावत्यांमधला फरक म्हणजे जेवण, असं व्याह्यांना समजावून सांगितलं होतं. व्याह्यांनी पावत्या जपून ठेवल्या आहेत.

त्या लग्नाला चार वर्षं झाली. सून करिष्मा बी. एस्सी. झालेली, पाच फूट एक इंच, वाऱ्यानं दार आपटलं तरी लोक 'सांभाळ गं' म्हणायचे अशी. तिची पाळी दोन-दोन महिने यायची नाही. दरवाजामागच्या कॅलेंडरवर ती पेन्सिलीनं बारीक खूण करायची, आणि दोन खुणांमध्ये कधी बासष्ट दिवस निघायचे, कधी सत्तर. प्रत्येक वेळी साठाव्या दिवशी तिला वाटायचं, या खेपेला खूण करावी लागणार नाही. मग लागायची. सोनोग्राफीत पीसीओडी निघालं. बीज तयार व्हायला लागतं, पण पुरतं वाढत नाही आणि सुटत नाही.

"पीसीओडी त जाड्या बायायले होते," सासू पुष्पाबाई म्हणाल्या. "हे त तुरीची वाळली काडी. रिपोट बदलला असन कोनाचा."

रिपोर्ट बदलला नव्हता. तालुक्याच्या एका डॉक्टरांकडे जायचं ठरलं. भला माणूस आहे, म्हणून त्याचं नाव सांगत नाही. असल्या कामाला कोणी एकटं जात नाही, घर जातं. सासू, सासरे, दीपक आणि करिष्मा अशी चौघं निघाली. निघण्याआधी भगवानरावांनी सुनेला काट्यावर उभं केलं.

"डॉक्टर वजन इचारतेच. आपल्याकडं काटा असून दुसऱ्याच्या काट्यावर काऊन चढाव?"

काट्याच्या कॉम्प्युटरला गाडी नंबर टाकल्याशिवाय पावती निघत नाही. भगवानरावांनी नंबराच्या जागी 'सूनबाई' टाकलं आणि मालाच्या रकान्यात सवयीनं 'रिकामी' निवडलं. वजन आलं साठ किलो. करिष्मानं पावती वाचली आणि घडी करून त्यांनाच परत दिली.

दवाखान्यातला वजनकाटा सुटीवर होता, म्हणजे त्यावर सलाईनची खोकी रचलेली होती. त्यामुळे नर्सनं वजन विचारताच भगवानरावांनी खिशातून पावती काढली, तेव्हा तिला आनंदच झाला. छापील वजन आणणारा पेशंट तिनं पहिल्यांदाच पाहिला.

"सर, मी बावन्नच्या आत असन," करिष्मा म्हणाली.

डॉक्टरांनी पावती उजेडात धरली. "शिक्का आहे यावर," ते म्हणाले, आणि विषय मिटला. पाच फूट एक इंच, साठ किलो. त्यांनी टेबलाच्या काचेखालचा तक्ता बघितला. "पाच किलो उतरवा. मग बीज सुटायच्या गोळ्या सुरू करू. वजनाआधी गोळी नाही, हा आपला नियम."

"गोळीनं होते का पन, सर?" करिष्मानं विचारलं.

"बऱ्याच जणींना होतं. पण आधी वजन."

परतताना भगवानरावांनी गावच्या मारुतीला नवस बोलला. घरात मूल आलं की त्याच्या वजनाइतका गूळ वाटीन, गावादेखत, आपल्याच काट्यावर, पावतीसकट. मारुतीनं पावती मागितली नव्हती.

मग पाच आठवडे करिष्मा अर्ध्या भाकरीवर राहिली आणि पहाटे हायवेच्या कडेनं चालली. ओळखीचे ड्रायव्हर भगवानरावांना म्हणायचे, "काका, सूनबाई पायी जाऊन राह्यल्या. गाडी बंद पडली का?" पाच आठवड्यांत तिचे दोन किलो गेले. मुळात जायला फार काही नव्हतंच.

काट्यानं मात्र चाळीस दाखवले.

भगवानरावांनी तिला उतरवून पुन्हा चढवलं. पुन्हा चाळीस. "दीपक, इकडं ये बे," त्यांनी हाक मारली. "वीस किलो उतरली. पाच हप्त्यात."

दीपकनं बायकोकडे बघितलं. ती काल होती तशीच दिसत होती. पण तो लहानपणापासून या काट्याचं मीठ खात होता. "वाटते थोडी बारीक," तो म्हणाला.

गावात बातमी गेली. तीन बाया उपाय विचारायला आल्या, त्यातल्या एकीनं वही आणली होती. डॉक्टरांनी मात्र कपाळाला हात लावला. "चाळीस? अहो, हे कुपोषण आहे. यात गोळी देता येत नाही. आधी पंचेचाळीसवर या."

"सर, माहे कपडे बी ढिले नाई झाले," करिष्मा म्हणाली.

"कपड्यांचा तक्ता नसतो," डॉक्टर म्हणाले.

आता पुष्पाबाईंचे दिवस आले. डिंकाचे लाडू, खारकेची पूड, वरणावर तुपाचा थर. "खाय माय, खाय," त्या म्हणायच्या. "कोठीत दाना नाई अन् पेरनी म्हन्ते." सहा आठवड्यांत गेलेले दोन किलो परत आले आणि काट्यानं साठ दाखवले.

डॉक्टरांनी तिन्ही पावत्या टेबलावर ओळीनं मांडल्या. साठ, चाळीस, साठ. बराच वेळ ते बघत राहिले. मग त्यांनी केसपेपरवर इंग्रजीत लिहिलं, की पेशंट सहकार्य करत नाही. गोळीचं नाव अजून कागदावर आलंच नव्हतं. तीन महिने होत आले होते, आणि कॅलेंडरवर पेन्सिलीची आणखी एक खूण पडली होती.

त्या दिवशी करिष्मा घरी न जाता उपकेंद्रात गेली. तिथली नर्स महामाया तिची कॉलेजची मैत्रीण, अंगानं भरलेली आणि जिभेनं त्याहून. महामायानं तिला आपल्या काट्यावर उभं केलं.

"एकावन्न," ती म्हणाली. "तुया लग्नात बी एकावन्नच होती. कोन म्हन्ते साठ?"

करिष्मानं डॉक्टरांच्या टेबलावरून उचललेल्या पावत्या दाखवल्या. महामायानं एकेक वाचली, आणि पहिल्या पावतीवरचं 'रिकामी' दोनदा वाचलं. मग तिनं उपकेंद्राला कुलूप लावलं.

धर्मकाट्यावर तेव्हा कापसाची गाडी नुकती उतरली होती. "काका, मले बी तोला," महामाया म्हणाली आणि प्लॅटफॉर्मच्या मधोमध जाऊन उभी राहिली. आकडा आला साठ. मग तिनं करिष्माला उभं केलं. साठ. करिष्माच्या शेजारी महामाया म्हणजे करिष्मा आणि वर अर्धं पोतं सरकी, हे कापसाच्या गाडीवरच्या क्लीनरलाही दिसत होतं.

"मी अडुसष्टची हाये, काका," महामाया म्हणाली. "तुमच्या काट्यानं उभ्या उभ्या आठ किलो उतरवले. रोज येत जाईन."

भगवानराव खुर्चीत जरा सावरून बसले. "काटा एक नंबर हाये. वीसच्या आतलं तो धरत नाई, एवढंच. खाली लिहेल हाये."

"मले त धरलं, मामाजी," करिष्मा म्हणाली. "तीन महिने धरून ठेवलं."

पुढच्या गाडीनं हॉर्न दिला, भगवानरावांनी तिचा नंबर टाकला. दुसऱ्या दिवशी त्यांनी माणूस लावून पाटीच्या खालच्या ओळीवरचा चिखल धुऊन घेतला. शक्य तेवढी माफी त्यांनी अशी मागितली.

महामायानं सांगितलेल्या खामगावच्या डॉक्टरीणबाईंनी करिष्माला स्वतःच्या काट्यावर उभं केलं. एकावन्न. "वजन अगदी बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "त्याला हात लावू नका."

"मंग बिमारी कायची?" भगवानरावांनी विचारलं. वजन बरोबर असलेली बिमारी त्यांना गैरसोयीची वाटत होती.

"बारीक बायकांनाही हे होतं, काका. बीज सुटत नाही, बस. थायरॉईड बघू, साखर बघू. पाळी आली की पाच दिवस एकेक गोळी, मग सोनोग्राफी." त्या दीपककडे वळल्या. "आणि यांची तपासणी झाली का?"

चार वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदाच आला. पुष्पाबाईंनी पदर नीट केला. दीपकनं पंख्याकडे बघितलं.

"मी... ठीक हाये ना," तो म्हणाला. "ऐंशी किलो हाये."

"ते दिसतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्याच्या हातात चिठ्ठी दिली.

दीपकची तपासणी बरी निघाली. त्यानं ती सांगितली मात्र बोर्डात पहिला आल्यासारखी. गोळ्यांच्या पहिल्या महिन्यात बीज वाढलं नाही. दुसऱ्या महिन्यात बाईंनी गोळी वाढवली. बीज सुटलं, पण पाळी आली. त्या दिवशी करिष्मा दरवाजामागे जरा जास्त वेळ उभी होती. तिसऱ्या महिन्यानंतर तिला पेन्सिल लागलीच नाही.

पुष्पाबाईंनी डिंकाच्या लाडवांना श्रेय दिलं. वहीवाल्या बाईनं अर्ध्या भाकरीला दिलं. तालुक्याचे डॉक्टर आजही पेशंटना सांगतात, की वडनेरच्या एका मुलीनं जिद्दीनं वीस किलो उतरवले आणि तिला मूल झालं. भगवानरावांनी मारुतीला दिलं, कारण बोली त्याच्याशी झाली होती.

मुलगी झाली. छकुली म्हणतात. सव्वा महिना झाला तेव्हा नवस फेडायचा दिवस धरला. काट्याच्या आवारात मांडव पडला, गुळाच्या भेल्या रचल्या गेल्या, अर्धं गाव पिशव्या घेऊन आलं. कोणी याहून मोठ्या काट्यावर पोर तोललेलं ऐकिवात नव्हतं. ट्रक हायवेवर थांबवून ठेवले. प्लॅटफॉर्म झाडून मधोमध दुपट्यावर छकुलीला ठेवलं आणि सगळ्यांना उतरायला सांगितलं. करिष्मा काठाशी उभी राहिली, पोर रडलं की धावायला एक पाय हवेत ठेवून.

भगवानरावांनी गाडी नंबराच्या जागी 'छकुली' टाकलं. मालाचा रकाना मोकळा सोडला. मग आकड्याकडे बघितलं. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. बटण दाबलं. पावती निघाली.

"किती भरली?" पुष्पाबाईंनी विचारलं.

महामायाच्या कार्डावर त्या दिवशी छकुलीचं वजन तीन किलो नऊशे ग्रॅम होतं. पावतीवर शून्य होतं. नवस पावतीप्रमाणे होता, तेव्हा गूळ कोणालाच मिळाला नाही.