जीपच्या बॉनेटला दोन कुलपे

मित्रांनो, मी एका जीपचे जुने बॉनेट आहे. जीप मात्र आता उरलेली नाही.

कारखान्यात जाड पत्रा दाबून मला घडवले, तेव्हा माझ्या दोन्ही बाजूंना साधे खटके होते. बोटाने ओढले की मी उघडत असे. बारा वर्षे चढावरची खडी, चिखल, ऊन सोसून मी इंजिन सांभाळले. पुढे घरातल्या बाबांची मूत्रपिंडे थकली. आठवड्यातून दोनदा त्यांना रक्त शुद्ध करून घ्यायला डोंगर उतरून इस्पितळात न्यावे लागे. दादा खाणीवर कामाला, म्हणून गाडी ताई चालवायची, आणि चालवायची अशी की पोटातले पाणी हलू नये.

एकदा कोणीतरी बॅटरी पळवली आणि बाबांची एक फेरी चुकली. दुधाने तोंड पोळलेला दादा मला थेट गॅरेजवाल्याकडे घेऊन गेला. खटके निघाले, किल्लीची दोन भक्कम कुलपे बसली. शिवाय हौसेला मोल नसते! काळा रंग झाला, गरम हवा जायला फटी पाडल्या, वर दिव्यांची पट्टी चढली. तिची वायर आत न्यायला मला एक भोक पाडले. मी फुशारले होते, खोटे कशाला बोलू?

गॅरेजवाला म्हणाला, "भोकाची कड धारदार आहे. रबर बसवल्याशिवाय नेऊ नकोस, वायर कापली जाईल. रबर उद्या येतंय."

"उद्या बाबांची फेरी आहे. रविवारी येतो की!" दादा म्हणाला.

असे चार रविवार गेले. प्रत्येक खड्ड्याला मी थरथरायचे आणि माझी कड ती वायर थोडी थोडी सोलायची.

एका सकाळी उतारावर उघडी पडलेली वायर माझ्या पत्र्याला टेकून पेटली आणि माझ्या फटींतून धूर निघाला. ताईने तिथेच गाडी थांबवली, आग विझवायचा सिलिंडर घेऊन धावली आणि मला उचलू लागली. पण कुलपांच्या किल्ल्या दादाच्या खिशात, दादा खाणीवर. जॅकच्या दांड्याने तिने कुलपे ठोकली. ती हलली नाहीत. तळवे पोळले तेव्हा तिने मला सोडले, बाबांना पाठुंगळी घेतले आणि दूर दगडावर नेऊन बसवले. मागे जीप जळून गेली. त्या वाटेने दुसरे वाहन आले ते संध्याकाळी. बाबांच्या छातीत धूर गेलेला, उपचार चुकलेले. तिसऱ्या दिवशी बाबा गेले.

भेटायला आलेले काका सगळ्यांदेखत म्हणाले, "उतारावर हिनेच गाडी तापवली असणार." दादा खाली मान घालून बसला.

आता मी घरामागच्या भिंतीला टेकून आहे. काल ताई माझ्यापाशी बसली होती, दादा शेजारी उभा होता. तिच्या हातांची कातडी अजून कोवळी आहे.

"दादा, माझंच चुकलं रे. मीच गाडी तापवली," ती रडत म्हणाली.

दादाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "जाऊ दे गं. झालं ते झालं."

मित्रांनो, गाड्या जरूर सजवा, कुलपेही लावा. पण किल्ली गाडी चालवणाऱ्याजवळ असू द्या आणि राहिलेले काम रविवारवर ढकलू नका. तरीही चूक झालीच, तर ती आपली आहे असे तोंडाने सांगा. माझे बोलणे तुमच्यापर्यंत पोहोचते, ताईपर्यंत पोहोचत नाही. तिला खरे सांगू शकेल असा घरात एकच माणूस आहे, आणि तो तिची समजूत काढतो आहे.