शून्याची खात्री

"एवढे शहाणे होते, तर मग मुंडकी का उडवली त्यांनी?" नानांनी विचारलं आणि हॉलमध्ये हशा पिकला.

वल्लरी हसली नाही. दोहाच्या अल अझीझिया भागातल्या या फ्लॅटमध्ये महिन्यातून एका शुक्रवारी मराठी मंडळी जमत आणि कुणीतरी एखाद्या विषयावर बोले. आज तिची पाळी होती. विषय तिनं स्वतःच मागून घेतला होता, बुद्धिवादानं युरोप कसा बदलला. तासभर ती रंगून बोलली होती. तत्त्वज्ञ देकार्तनं प्रत्येक गोष्टीवर संशय घेऊन सुरुवात केली, तिथपासून. नाटकं नियमांत बसली, बागांतली झाडं भूमितीत उभी राहिली. 'राजा म्हणतो म्हणून' हे कारण लोकांना हळूहळू पुरेनासं झालं. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर तर राजाच्या पावलाचं मापही गेलं आणि पृथ्वीवरून मोजलेला मीटर आला.

"मुंडकीही बुद्धीच्याच नावानं उडवली, नाना," ती म्हणाली. "सगळ्यांवर संशय घेतला. स्वतःवर घ्यायचा तेवढा राहून गेला."

"आणि तू घेतलास?"

हा आवाज प्रतापकाकांचा. नाना त्यांचे वडील, घर त्यांचं, आणि वर्ल्ड कपच्या स्टेडियमच्या बांधकामावर ते वल्लरीचे साहेब. गुरुवारी तिनं काँक्रीटचा एक ट्रक परत पाठवला होता. बत्तीस अंशांच्या वरचं काँक्रीट चालत नाही आणि तिच्या थर्मामीटरनं चौतीस दाखवलं होतं. "वीस वर्षं आखातात काढलीत मी. मी सांगतोय ना, ओत," प्रतापकाका सगळ्यांसमोर म्हणाले होते. ती हटली नाही. स्लॅब अडला. तिचा करार पुढे चालवायचा की नाही, हे ते रविवारी ठरवणार होते, आणि हॉलमधल्या निम्म्या लोकांना ते ठाऊक होतं.

"तुझा थर्मामीटर," ते म्हणाले. "ट्रक परत धाडण्याआधी तपासला होतास?"

"अहो, घरात कशाला ऑफिस?" रत्नप्रभाकाकू मध्ये पडल्या. "यल्ला, चला, सरबत घ्या सगळ्यांनी."

"नाही तपासला," वल्लरी म्हणाली. "त्यावर तपासणीचा स्टिकर होता. स्टिकर म्हणतो म्हणून..." ती थांबली. तिचं तिलाच हसू आलं. "काकू, बर्फ आहे का भरपूर?"

बर्फ खलबत्त्यात कुटला, पातेल्यात घालून त्यावर थोडं पाणी ओतलं. थर्मामीटर तिच्या बॅगेतच होता. सगळे ओट्याभोवती गोळा झाले.

"वितळता बर्फ म्हणजे शून्य," ती म्हणाली. "दोहात, नाशकात, पॅरिसमध्ये, कुठेही."

"नैवेद्य कुणाला म्हणायचा हा?" नाना पुटपुटले.

आकडा उतरत गेला. दहा. पाच. तीन. दोनवर येऊन थांबला. तिनं नीट ढवळलं, वाट पाहिली. दोनच.

म्हणजे ते चौतीस खरे बत्तीसच असणार. चांगला माल तिनं परत पाठवला होता, आणि एव्हाना तो वाळवंटात कुठेतरी पडून दगड झाला असेल.

"थर्मामीटर दोन अंश जास्त दाखवतो," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "चूक माझी. तुमचं बरोबर निघालं, काका. पण तुम्ही म्हणालात म्हणून नाही."

रत्नप्रभाकाकूंच्या हातातला चमचा तसाच राहिला.

"प्रतापा," नाना म्हणाले, "आता बोल की!"

प्रतापकाकांनी चष्मा चढवून तो आकडा बराच वेळ पाहिला.

"साइटवरचे बाकीचे थर्मामीटरही असेच असले तर?"

"बघायला हवं. गरम पाण्यातसुद्धा."

"रविवारी सगळे तपास. आणि मग दर रविवारी. वर्षभर." वल्लरीचा करार या महिन्याअखेर संपत होता.

"तपासते," ती म्हणाली.

मंडळी सरबत घेऊन हॉलमध्ये परतली. वल्लरी पुन्हा पॅरिसमध्ये शिरली. बोलता बोलता तिची नजर स्वयंपाकघराकडे गेली. प्रतापकाका एकटेच ओट्यापाशी उभे होते. त्यांनी पातेलं रिकामं केलं, नवा बर्फ कुटून घातला आणि थर्मामीटर पुन्हा बुडवला.