रंगांची भिंगरी आणि हिचा गुडघा

हे तुम्हाला खरं वाटणार नाही. वाटलंच, तर सांगण्यात माझं काहीतरी कमी पडलं असं मी समजेन. आमच्या हिचा गुडघा औषधाने वाकला नाही आणि डॉक्टरनेही वाकवला नाही. तो वाकवला लाल, पिवळ्या आणि निळ्या रंगांनी.

परवा माझ्या सायकलदुरुस्तीच्या दुकानापुढच्या बाकावर मी हेच सांगत होतो. ऐकायला दोघे होते. एक पोस्टमन, ज्यांची सायकल माझ्यापुढे उलटी पडली होती, म्हणून त्यांना जाता येत नव्हतं. दुसरा माझा मेहुणा, हिचा धाकटा भाऊ. त्याचं काही अडलेलं नव्हतं, तरी तो रोज येतो. दुकानामागेच आमचं घर, आणि मधलं दार उघडं.

झालं होतं असं, की ही जिन्यावरून पडली. गुडघ्याची वाटी तडकली, सहा आठवडे प्लास्टर. प्लास्टर निघालं तर पाय गंजलेल्या बिजागरीसारखा. ना पुरता मिटे, ना पुरता उघडे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “तीन आठवड्यांत काटकोनात वाकायला हवा. नाहीतर भूल देऊन वाकवावा लागेल.”

ही बाई विंचू चिमट्यात धरून बाहेर टाकते, पण भुलीला घाबरते. “मला कळत नसताना मला कुणी हात लावायचा नाही,” एवढंच म्हणाली, आणि दवाखान्यापासून घरापर्यंत तिने माझं मनगट सोडलं नाही. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली. इतकं घट्ट तिने मला कधी धरलं नव्हतं, तरुणपणी मी उधळलेला होतो तेव्हासुद्धा नाही.

उपाय एकच, रोज अर्धा तास पायडल मारायचं. मी जुनी सायकल जोडस्टँडवर चढवली, म्हणजे मागचं चाक अधांतरी, आणि सीट उंच केली. गुडघा सैल होईल तशी सीट अर्धं अर्धं बोट खाली आणायची, म्हणजे पाय आपोआप जास्त वाकतो. ही बसली आणि दोन मिनिटांत उतरली. म्हणाली, “जिथल्या तिथे राहायला सायकल कशाला हवी? मी अशीच बसते की.”

आता हिला हौस रंगांची. घरातले रिकामे डबेसुद्धा फुलांशिवाय राहत नाहीत. मी म्हटलं, तू पायडल मार, चित्र आपोआप निघेल. आणि भिंगरी केली.

भिंगरी म्हणजे काय, तर मागच्या चाकाच्या माथ्याशी एक उभा दांडा. दांड्याला खाली रोलर, तो स्प्रिंगने टायरच्या कुशीला टेकवलेला, सायकलचा डायनमो टेकतो तसा. वर कॅरिअरच्या अंगाला एक चकती, चकतीवर चिमट्यांनी लावलेला कागद. चाक फिरलं की चकती गरगरते, वरून रंग सोडला की तो पळत कडेला जातो. हिची पाठ चित्राकडे, म्हणून हँडलला एक आरसा बांधला.

पहिल्या दिवशी रोलर म्हणून मी डायनमोचंच डोकं लावलं. ते अंगठ्याएवढं. चाक एकदा फिरेस्तोवर ते पंचवीसदा फिरतं. हिने पायडल मारलं, मी लाल रंग सोडला, आणि कागद कोराच.

“मग रंग गेला कुठे?” पोस्टमननी विचारलं.

“समोरच्या शिंपीणबाईंनी पांढरी चादर वाळत घातली होती. तिच्यावर एक गोल फूल उमटलं. मोजून बत्तीस पाकळ्या. बाई भांडायला आल्या आणि जाताना उशांचे अभ्रे ठेवून गेल्या, जोडीला जोड हवी म्हणून.”

“पाकळ्या मोजल्या कुणी, भावोजी?” मेहुणा म्हणाला.

“ज्याला दुसरा उद्योग नव्हता त्याने. तूच होतास.”

मग मी वाटीएवढा लाकडी रोलर कातून घेतला, त्यावर जुन्या ट्यूबची पट्टी चढवली आणि चकतीभोवती बूड कापलेला टब बसवला. चकती शहाण्यासारखी फिरू लागली. ही आरशात बघून हुकूम सोडायची. “निळा पुरे. पिवळा सोडा, पण जपून, तुमचा हात म्हणजे नळ आहे.” अर्धा तास कधी संपला तिला कळायचं नाही. सीट तीन बोटं उतरली. नवव्या दिवशी तर तिने इतक्या जोरात पायडल मारलं की सायकल स्टँडसकट दारापर्यंत गेली आणि उंबऱ्याशी आपणहून थांबली.

“ब्रेक कुणी मारला?” मेहुणा.

“सायकल माझ्या हातची आहे. तिला उंबरा कळतो.”

मग रंग दांड्यावरून ओघळून बेअरिंगमध्ये वाळला आणि चकती जाम झाली. तेही निस्तरलं. छर्रे काढले, रॉकेलमध्ये धुतले, परत भरले आणि वर बाटलीचं झाकण भोक पाडून टोपीसारखं बसवलं. तेव्हापासून चित्र झालं की ओलं फडकं फिरवायचा नेम. रंग ओला असतो तोवर तो पाहुणा, वाळला की घरजावई.

“कुणाला उद्देशून?” मेहुण्याने विचारलं. तो स्वतःच्या सासऱ्यांकडेच राहतो.

“बेअरिंगला.”

पण खरी गोष्ट पुढेच आहे. गुरुवारी डॉक्टरीणबाई गुडघा मोजणार होत्या. सोमवारी सकाळी ही सीटवर बसली, पायडल फिरतंय, चाक फिरतंय आणि चकती ढिम्म. गुडघा तेव्हा सत्तर अंशांवर. वीस अंश बाकी, हातात तीन दिवस. ही साधी सायकल चालवून पाहू लागली, पण पाचव्या मिनिटाला पाय आखडला. उतरली आणि दवाखान्याची पिशवी भरायला घेतली. टॉवेल, साबण, कंगवा. ती पिशवी बघून मी समोरची न्याहारी तशीच सोडून पंप उचलला.

मी टायरमध्ये हवा भरली. चकती ढिम्म. दांडा बोटाने फिरवून पाहिला, तर लोण्यासारखा फिरत होता, म्हणजे बेअरिंगचा दोष नाही. स्प्रिंग आवळली. तेव्हा चकती जेमतेम हलली, पण पायडल एवढं जड झालं की हिच्या तोंडून ‘स्स’ निघालं. लगेच सैल केली. सोमवार गेला, मंगळवार दुपारपर्यंत भिंगरीचा सांगाडा माझ्या मांडीवर. चाळीस वर्षं लोकांच्या सायकली चालत्या केल्या, आणि घरची एक चकती फिरेना.

“मग?” पोस्टमननी हातातला हवेचा पंपही खाली ठेवला.

“मग मी टायरच्या कुशीवर बोट फिरवलं. बोट काळं, आणि चकचकीत. तेल! रोलर टायरला धरून फिरणार, आणि मध्ये तेल. धरणार कसा?”

“तेल आलं कुठून?”

इथे मी जरा थांबलो. गोष्टीत थांबायची जागा कळली पाहिजे.

“कावळ्याने आणलं,” मी म्हणालो. “पलीकडच्या गिरणीच्या यंत्रघरातून तेलाची चिंधी उचलायचा, माझ्या कॅरिअरवर बसून कुरतडायचा आणि चोच पुसायला त्याला सापडला माझा रोलर. एकदा इकडून, एकदा तिकडून. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. चोच पुसून झाली की मान वाकडी करून बघायचा, नीट लागलं की नाही. मी त्याला हाकललं, साबणाच्या पाण्याने टायर धुतला, रोलरवर पॉलिश पेपर फिरवला, वर खडूची पूड चोळली. पहिल्या पायडलला चकती अशी गरगरली की काय सांगू. हिने दोन दिवसांत अकरा चित्रं काढली. गुरुवारी डॉक्टरीणबाईंनी मोजलं, चौऱ्याण्णव अंश. म्हणाल्या, भुलीची गरज नाही. ही दवाखान्याच्या पायऱ्या उतरली ती कठड्याला हात न लावता, आणि घरी येऊन आधी ती पिशवी रिकामी केली. कंगवा जागेवर गेला तेव्हा कुठे मला तीन दिवसांनी भूक लागली.”

पोस्टमननी सुस्कारा सोडला. मेहुणासुद्धा पुढे सरकून बसला होता, म्हणजे बघा. तेवढ्यात मधल्या दारात ही येऊन उभी राहिली, हातात अर्धवट घडी केलेली चादर.

“अहो, कावळा कुठला?” ती म्हणाली. “रविवारी रात्री बेअरिंग भरून झाल्यावर तेलाची कुपी घेऊन शीळ वाजवत रोलरला तेल तुम्हीच सोडलंत. फिरतं काही दिसलं की तेल, दुसरं सुचतं काय तुम्हाला? आणि टायर धुतला म्हणे. मंगळवारी तुम्ही पाना हातात धरून भिंतीला टेकून घोरत होतात. टायर मी धुतला, तुमच्या त्या वीतभर स्टुलावर बसून. धुऊन झाल्यावर माझं मला कळलं, की एवढ्याशा स्टुलावर मी गुडघा दुमडून बसलेय. काटकोन तेव्हाच झाला होता, गुरुवारी बाईंनी नुसता मोजला.”