लाल बूड, निळं बूड

टक्.

दुपारच्या सामसूम घरात ओट्यावर काचेची बाटली जरा जोरातच टेकली. खोकून खोकून नुकताच डोळा लागलेली लेक चुळबुळली, कूस बदलून पुन्हा झोपली, आणि आईचा अडकलेला श्वास सुटला. मित्रांनो, तेव्हा मी अजून मी नव्हतो. खोकल्याच्या औषधाच्या दोन रिकाम्या बाटल्या होतो. आज मी पहिलीच्या वर्गातलं एक जुनं वाळूचं घड्याळ आहे. मुलं मला डमरू म्हणतात.

त्या आईला शाळेत सगळे बाई म्हणायचे. त्यांच्या वर्गात दर बाकावर दोन मुलं आणि रंगपेटी एकच. रोज ओढाओढ, ओरखडे, रडारड. म्हणून लेक उठायच्या आत बाईंनी चहाच्या गाळणीने वाळू चाळली, दोन झाकणं पाठीला पाठ लावून चिकटवली आणि तापलेल्या खिळ्याने आरपार भोक पाडलं. एका बाटलीच्या बुडाला लाल कागद, दुसरीच्या निळा.

दुसऱ्या दिवशी वर्गाचा नियम ठरला. खिडकीकडच्यांनी आधी रंगवायचं, भिंतीकडच्यांनी नंतर. वाळू संपली की रंगपेटी पलीकडे. डमरू कुणाचा काका नाही की मामा नाही, असं बाईंनी बजावलं. ओढाओढ थांबली. मोठ्या बाई इतर वर्गांच्या शिक्षकांना घेऊन मला बघायला आल्या. मी फुगलो होतो, खोटं कशाला सांगू?

त्याला आता चार वर्षं झाली. माणूस दमला की पाठ टेकतो. मी दमलो की मला डोक्यावर उभं करतात.

पण खरा थकवा दुसराच होता. खिळा लाल बाजूने शिरला होता, म्हणून तिकडे भोक पसरट झालं आणि निळ्या बाजूला वितळलेली कड राहिली. निळं बूड वर असलं की वाळू अडखळत उतरायची, लाल वर असलं की भरकन घसरायची. दोनदा उलटलं की मी होतो तसाच उभा. त्यामुळे खिडकीकडच्यांना नेहमी निळी, सावकाश वाळू. भिंतीकडच्यांना नेहमी लाल. हे मला पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं. तोंडं दोन होती, पण बोलता एकानेही येईना.

यंदा तिसऱ्या बाकावर भिंतीकडे एक मुलगी बसायची. भिंतीकडची बाकी मुलं एकच रंग फासून मोकळी होत. ही झाडाचं पान न् पान वेगळं रंगवायची, आणि चित्र राहायचं. घरच्या दुखण्याखुपण्याने आधीच थकलेल्या बाई एकदा सहज म्हणून गेल्या, "अगं गोगलगाय, जरा हात चालव."

झालं. वर्गाला आयतं नाव मिळालं. फाटकाशी न्यायला आलेली तिची आईसुद्धा विचारू लागली, आज तरी पूर्ण झालं का गं? शेवटी त्या मुलीने रंगपेटी उघडणंच सोडलं. माझं काही होत नाही, म्हणाली. हाताची घडी घालून माझ्याकडे बघत बसायची आणि वाळू संपेपर्यंत मनात आकडे मोजायची.

असे बरेच दिवस गेले. मग तिने बाईंना सांगितलं, शेजारच्याच्या वेळेला नव्वद होतात, माझ्या वेळेला सत्तर. स्वतःच्या वेळेला घाई होते बाळा, असं म्हणून बाईंनी तिच्या गालाला हात लावला आणि त्या वह्या तपासू लागल्या.

शेजारच्याला सगळे वकील म्हणत, कारण तो प्रत्येक गोष्टीत हुज्जत घालायचा. त्याने हे ऐकलं आणि त्या दिवशी रंगपेटी तिच्याकडे सरकवली. "आज तू आधी."

तिचं झाड पूर्ण झालं. त्याचं अर्धंच राहिलं. ते तो तसंच घेऊन टेबलापाशी गेला.

"बाई, मी काही हळू नाहीये. डमरूच लबाड आहे."

बाईंनी मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं. मला उलटलं, पुन्हा उलटलं, पुन्हा एकदा. मग त्या मुलांच्या बुटक्या बाकावर बसल्या आणि भिंतीकडच्या रांगेकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या.

मित्रांनो, मला जपून ठेवा असं मी म्हणणार नाही. कपाटात पडून राहायला मिळालं तर बरंच वाटेल. एवढंच करा, कुणी मागे राहिलं तर त्याला नाव ठेवण्याआधी तुमचं माप एकदा उलटं करून बघा.

बाईंनी त्या मुलीला जवळ बोलावलं. भोक मीच पाडलं होतं, म्हणाल्या. ते नावही मीच दिलं, चुकलं माझं. उद्यापासून एक दिवस तू आधी, एक दिवस तो.

मुलीने मान डोलावली, पण जागची हलली नाही. रंगवलेलं झाड तिने छातीशी धरलं होतं.

"मग बाई, मी हळू आहे की नाही?"

बाईंनी मला टेबलावर आडवं केलं आणि ते झाड बघायला हात पुढे केला.