मब्रूकाची टाच

कोटांच्या इस्त्रीला मब्रूकासारखा हात मोनास्तीर शहरातल्या आमच्या कपड्यांच्या कारखान्यात दुसरा नव्हता. एकोणीस वर्षं ती आणि मी शेजारशेजारच्या टेबलांशी उभ्या राहिलो. खाली सिमेंटची जमीन, पायांत पातळ सपाता.

गेल्या हिवाळ्यात तिची उजवी टाच धरली.

"सकाळी पलंगावरून पाय टेकवला की खिळा घुसल्यासारखं होतं गं, रदिया. भिंत धरत न्हाणीपर्यंत जाते. मग जरा सैल पडतं, दुपारी पुन्हा तेच."

"म्हणून नव्या नवरीसारखी ठुमकतेस होय!" मी म्हटलं. तीही हसली.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. तळव्याखालचा जाड पट्टा टाचेपाशी दुखावलाय. उठायच्या आधी पायाची बोटं अंगाकडे ओढायची, पोटऱ्या ताणायच्या, पाणी गोठवलेली बाटली तळव्याखाली फिरवायची, जाड मऊ तळाचे बूट घालायचे, अनवाणी फिरायचं नाही. "महिने लागतील, पण बहुतेक बरं होतं. फक्त दिवसभर उभं राहणं कमी करा."

मब्रूकाने सगळं केलं. रमजानात कामाचे तास कमी होते, तेव्हा फरकही पडला. ईदनंतर ती डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी घेऊन मुकादम लुत्फींकडे गेली; त्यांना आम्ही सगळ्या मानाने 'सी' म्हणायचो.

"सी लुत्फी, मला बसून करायचं काम द्या. बटणं लावीन."

"बटणांना पोरी आहेत. तुझ्यासारखी इस्त्री कोण करणार?"

"टाच करू देत नाही हो."

"मग विचार तिला, घरी बसायचंय का."

नवरा वारलेला, म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली. घरी बसून कसं भागणार? तिने दुसऱ्या एका डॉक्टरकडून टाचेत इंजेक्शन घेतलं. चार दिवसांत कळ गेली! तिने आम्हा सगळ्यांना मक्रूद, खजूर भरलेल्या गोड वड्या, वाटले. पण दीड महिन्यात दुखणं परतलं. दुसरं इंजेक्शन झालं, मग तिसरं.

"पुरे कर गं. पट्टा कमजोर होतो म्हणतात."

"पुढचं पुढे बघू. आज उभं राहायचंय मला."

जूनमध्ये माल पाठवायची घाई होती. वरच्या दांडीवरचा कोट काढायला ती चवड्यांवर उभी राहिली आणि किंचाळून खालीच बसली. तळव्यात काहीतरी तटकन तुटलं होतं. मी आणि आणखी एकीने तिला उचलून बाहेर नेलं. परतले तोवर सी लुत्फींनी तिच्या जागी दुसरीला उभं केलं होतं.

परवा तिला भेटायला गेले. आईच्या पलंगाला लागूनच तिचा पलंग. पाय उशीवर. शेजारीण दोघींपुरता शोरबा ठेवून गेली होती, तो तसाच निवला होता.

"काय म्हणाल्या डॉक्टरीणबाई?"

"चालायला येईल म्हणाल्या, हळूहळू. उभ्याचं काम मात्र आता विसरा." ती भिंतीकडे बघत राहिली. "रदिया, मला दुसरं काय येतं गं?"

तिच्या पायावरची चादर उगाचच सारखी केली आणि उठले. माझी दुपारची पाळी होती.