आभाळातला कुंकवाचा ठिपका

मी एक जुना कॅमेरा आहे, मित्रांनो, आणि आधीच बजावून ठेवतो, माझी कीव कोणी करायची नाही. मी काम केलेले आहे. उस्मानपुऱ्यात जहांगीरभाईंच्या दुकानातील काचेच्या कपाटात मी आज बसलो आहे, तो कोणाच्या दयेवर नव्हे. सरळ बसा आणि ऐका.

माझा जन्म परदेशी कारखान्यात झाला, परंतु मला घडवले काकासाहेबांच्या हातांनी. काकासाहेब मैदानावरचे छायाचित्रकार होते. लग्नकार्यात त्यांचे मन रमत नसे. पाचोडच्या कुस्त्यांचा फड असो की शाळांचे खो-खोचे सामने, धुळीत मांडी घालून ते माझ्या डोळ्याला डोळा लावत आणि गडी हलण्याच्या आधी त्यांचे बोट हले. माझ्या उजव्या बाजूचे रबर त्यांच्या अंगठ्याने इतके झिजले की तिथे एक खळगा पडला. तो खळगा आजही आहे. दुसऱ्या कोणाचा अंगठा त्यात नीट बसत नाही.

मुकुंदवाडीतील त्यांच्या घरी खंडेनवमीला माझी पूजा होई. इतर लोक कॅमेऱ्याला वरून बोट लावतात आणि मोकळे होतात. काकासाहेबांना ते पटत नसे. "लेन्स येगळी, बॉडी येगळी. दोघीबी राबत्यात, दोघींचा मान येगळा," असे म्हणून ते लेन्स फिरवून काढत आणि दोन पाटांवर दोघांना बसवत. माझे तोंड उघडेच राही. अशाच एका खंडेनवमीला त्यांच्या चिमटीतून कुंकवाचा एक कण आत पडला आणि माझ्या सेन्सरवर जाऊन बसला. सेन्सर म्हणजे माझी आतली पाटी, जिच्यावर चित्र उमटते. कोणाच्या ते ध्यानात आले नाही.

पुढची खंडेनवमी काकासाहेबांनी पाहिली नाही.

त्यानंतर त्यांच्या मुलीने, सायलीने, मला हातात घेतले. भर दुपारी तिने मैदानाचे पहिले छायाचित्र काढले, तेव्हा निळ्या आभाळात डाव्या कोपऱ्यात एक धूसर काळा ठिपका उमटला होता. तिने संगणकावर तो पुसला. दुसऱ्या चित्रात तो पुन्हा आला. कमी उजेडात, लेन्सचे छिद्र पूर्ण उघडले की तो दिसेनासा होई. लख्ख उन्हात मात्र हजर. घोडा असो, धावपटू असो, रिकामे मैदान असो, वर डावीकडे तो उभाच. खंडेनवमीचा पाट आठवून आवडाबाईंनी, म्हणजे काकासाहेबांच्या पत्नीने, तो ओळखला. त्या दिवसापासून सायलीने तो पुसणे सोडून दिले.

आवडाबाई प्रत्येक छायाचित्र हातात घेत, खेळाडूकडे पाहत नसत, आधी वर डावीकडे पाहत. "आलेत," एवढेच म्हणत. त्यांच्या कपाळावर कुंकू राहिले नव्हते, माझ्यात होते. मित्रांनो, हे ओझे कसे असते ते तुम्हाला सांगून कळणार नाही. चित्र टिपताना माझ्या आतला आरसा उचलला गेला की मला वाटे, आत कोणी तरी मान वर करून पाहते आहे.

अशात सायलीला एका वर्तमानपत्रात जागा मिळण्याचा योग आला. संपादकांनी अट घातली होती. मुलींच्या राज्य खो-खो स्पर्धेत खांबाला वळसा घालून खेळाडू सूर मारते, तो क्षण हवेतच पकडून आणायचा. जमिनीवर पडलेली खेळाडू नको. सायलीने सरावात जिवाचे रान केले. माझ्या चित्रांत सुराआधीची मुलगी येई आणि धुळीत पडलेली मुलगी येई. मधली मुलगी येत नसे. मी सलग काही चित्रे टिपली की ती कार्डावर उतरवण्यासाठी मला थांबावे लागे. खेळ कोणासाठी थांबत नाही. हे माझ्या पिढीचे मोजमाप आहे, त्याची मला लाज नाही.

म्हणून एका दुपारी मायलेकी जहांगीरभाईंच्या दुकानात आल्या. सायलीचा डोळा एका नव्या चकचकीत बॉडीवर होता.

जहांगीरभाई हसले. "बेटा, ये दिखने को दुल्हन है. चित्र बडा काढते, व्हिडिओ भारी काढते. पण खो-खो इसके बस का नहीं. ये देखो." त्यांनी खालच्या फळीवरून एक जाडजूड, कोपऱ्यांचा रंग उडालेली बॉडी काढली. "बुढा है, पण मैदानाचाच पैलवान. लेन्स तेरे अब्बा की रखो, ती खरी दौलत हाय. फक्त बॉडी बदल."

"ह्याचं तर रूपच गेलंय, चाचा."

"रूप काय चाटायचंय का?" स्टुलावरून आवडाबाई कडाडल्या. "पळवून बघ दोन्ही."

समोरच्या पत्र्यावर कबुतरे बसली होती. जहांगीरभाईंनी दारात जाऊन टाळी वाजवली, थवा उडाला, सायलीने टिपला. कबुतरे परतली, पुन्हा टाळी, पुन्हा थवा. नव्या बॉडीने पत्रा आणि मागची भिंत सुरेख टिपली होती, कबुतरे पुसट. पैलवानाने एकेक पंख मोजून घ्यावा असा टिपला होता. तो न थांबता धडधडत राहिला. मला त्याचा हेवा वाटला नाही. आपल्याच जातीचे कोणी तरी भेटल्यासारखे वाटले.

पण सायलीच्या ऐपतीत तो बसायचा, तर बदल्यात मला द्यावे लागणार होते. जहांगीरभाईंनी मला आभाळाकडे रोखले, एक चित्र काढले आणि भुवया आवळल्या. "अंदर कुछ बैठा है. पुसावं लागंल, तभी लूँगा."

"काही तरी नाय ते," आवडाबाई म्हणाल्या. "कुंकू हाय. ह्यांच्या हातचं."

काकासाहेब जहांगीरभाईंचे जुने स्नेही होते. भाईंनी मला अलगद खाली ठेवले. "भाभी, तुमी म्हनाल तर वैसाच ठेवतो. पण गिऱ्हाईक हात लावायचं नाय."

सायलीने मला ओढून पोटाशी धरले. "नको, आई. मी ह्याच्यावरच भागवते."

"भागवशील, अन् सूर कोण टिपंल? तुझा बाप निघणार हाय का त्या ठिपक्यातून?" आवडाबाईंचा आवाज चढला आणि मधेच तुटला. मग त्या ताठ बसल्या. "ते असते तर त्यांनीच बदलला असता. पुसा, भाईजान. माझ्यासमोर पुसा."

जहांगीरभाईंनी माझे तोंड उघडले. ओली पट्टी आतून एकदाच फिरली. पट्टीवर तांबूस रेघ उमटली. ती पट्टी आवडाबाईंनी मागून घेतली आणि पैलवानाला बाहेरून टेकवली. "ह्या खेपेला झाकण लावून," त्या म्हणाल्या. पट्टी त्यांनी पदराच्या टोकाला बांधली. निघताना माझ्याकडे कोणीही पाहिले नाही. ते योग्यच झाले.

स्पर्धा संपल्यावर त्या दोघी वर्तमानपत्र दाखवायला आल्या. मी काचेतून पाहिले. एक मुलगी खांबाभोवती आडवी, हवेत, पाय जमिनीपासून सुटलेले, बोटे पुढच्या मुलीच्या पाठीला नुकती भिडलेली. खाली सायलीचे नाव होते. जहांगीरभाई मान डोलावत म्हणाले, "क्या बात है!"

आवडाबाई वर डावीकडे पाहत होत्या.

"आई, आता तिथं काही नाही," सायली हळूच म्हणाली.

"ठाऊक हाय मला. डोळ्याला सवय लागलीया."

मित्रांनो, वस्तू बदलावी. काम मोठे झाले की वस्तू बदललीच पाहिजे. जुन्याला कवटाळून बसणे म्हणजे त्याचा मान नव्हे. पण बदलताना रूपाला भुलू नका, नव्या वस्तूला ज्या कामाला जुंपायचे ते काम तिच्याकडून करवून पाहा. हाती आहे तोवर धूळ, दमट हवा यांपासून तिला जपा. हळदकुंकू जरूर वाहा, पण बाहेरून. आणि जुनी वस्तू दुसऱ्याच्या हवाली करण्याआधी दार लावून, एकटे बसून पाहा, तिच्यात कोणी वस्तीला तर राहिलेले नाही ना.

गिऱ्हाईक आले की जहांगीरभाई दुकानातली एखादी लेन्स लावून मला दारात नेतात, आभाळाकडे रोखतात आणि चित्र दाखवून म्हणतात, "देखो, एकदम साफ."

चित्र साफच असते. वर डावीकडे मात्र आजही मला कोणी तरी उन्हाच्या आड उभे राहिल्यासारखे वाटते. मी ते जहांगीरभाईंना सांगत नाही.